पानाला जागा कोण दाखवतो?

वाचकहो, दारातल्या तुळशीला आपण रोज पाणी घालतो, प्रदक्षिणा करतो, मंजिऱ्या खुडतो. पण तिची पाने कशी बसलेली असतात हे फार थोड्यांनी पाहिलेले असते. उद्या सकाळी जरा वाकून पाहा. पाने जोडीने येतात, समोरासमोर. खालची जोडी पूर्व-पश्चिम असेल तर वरची दक्षिण-उत्तर, तिच्यावरची पुन्हा पूर्व-पश्चिम. शेंड्यावरून खाली पाहिले तर अधिकाचे चिन्ह दिसते. रुईची पानेही अशीच. ज्वारीच्या ताटाला मात्र एक पान या अंगाला, पुढचे त्या अंगाला, अशा दोनच ओळी. आणि पपईच्या खोडावर गळून गेलेल्या देठांचे वण पाहिलेत तर ते वळणाच्या जिन्यासारखे फिरत फिरत वर चढलेले दिसतील.

माझे कीर्तन आता थांबले आहे, आवाज साथ देत नाही. पण मंडळी बोलायला येतात. त्यांच्यात एक मुलगा येतो, माळकरी घरातला, कृषी महाविद्यालयात शिकणारा. तो म्हणाला, "महाराज, पानाची जागा ठरवणारा तिथे कोणी नसतो. ती आपोआप ठरते, हे आता प्रयोगाने दाखवलंय. मग देवाला कर्ता म्हणायचं ते कशाच्या आधारावर?" विचारण्यात उद्धटपणा नव्हता, काळजी होती. अशा प्रश्नाला "श्रद्धा ठेव" एवढेच उत्तर देऊन वाटेला लावणे मला पटत नाही. आपल्या परंपरेत पूर्वपक्ष आधी नीट मांडायचा असतो, प्रतिपक्षाला जितका मांडता येईल त्याहून नीट. म्हणून आधी तो मुलगा काय सांगत होता ते ऐका.

झाडाच्या शेंड्याच्या अगदी टोकाला वाढीचा एक लहानसा घुमट असतो, एका मिलिमीटरहूनही छोटा. सगळी पाने तिथे जन्मतात. पान म्हणजे आरंभी त्या घुमटाच्या कडेला आलेला नुसता फुगवटा. तो नेमका कुठे यायचा? जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होफमाइस्टर यांनी १८६८ मध्येच पाहून ठेवले होते, की नवा फुगवटा जुन्या फुगवट्यांमध्ये जिथे सर्वांत मोठी मोकळी जागा उरलेली असते तिथे येतो. हे वाचून मला हसू आले, कारण व्यासपीठावरून मी हे जन्मभर पाहत आलो आहे. मंडपात पहिले दहा-वीस श्रोते कसे बसतात ते आठवा. पहिला एका खांबाशी टेकतो, दुसरा त्याच्यापासून लांब, तिसरा त्या दोघांपासून लांब. "तुम्ही इथे बसा" असे कोणी सांगत नाही, आणि थोड्या वेळाने सतरंजीवर सारख्या अंतराने माणसे टिपल्यासारखी दिसू लागतात. दिंडीची गोष्ट निराळी. तिथे चोपदार आहे, रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले आहेत. शेंड्यावर चोपदार नाही.

पण मोकळी जागा कुठे आहे हे झाडाला कळते कसे? त्याला डोळे नाहीत. इथे त्या मुलाने एका संजीवकाचे नाव सांगितले, ऑक्झिन. शेतकरी वाचकांना ते ठाऊक असेल. कलमाला मुळ्या फुटाव्यात म्हणून जी पावडर लावतात तिच्यात याच जातीचे द्रव्य असते. शेंड्यातल्या पेशी हे द्रव्य एकमेकींकडे पोचवतात, आणि गंमत अशी की ज्या शेजारणीकडे ते आधीच जास्त आहे तिच्याचकडे आणखी ढकलतात. त्यामुळे एखाद्या ठिकाणी ते साचत जाते, तिथे पान फुगते, आणि आजूबाजूचे द्रव्य ओढले गेल्याने त्या पानाच्या लगत दुसरे पान धरू शकत नाही. पुढचे पान जिथे ओढ कमी तिथे. स्वित्झर्लंडमधल्या बर्न गावच्या संशोधकांनी २००० साली टोमॅटोच्या शेंड्यातली ही ने-आण औषधाने बंद पाडली. शेंडा वाढत राहिला, पण पाने येईनात. नुसती टाचणीसारखी काडी वर चढू लागली. मग त्यांनी त्या काडीच्या टोकाजवळ कडेला ऑक्झिनचा बारीकसा थेंब ठेवला. जिथे थेंब ठेवला तिथे पान आले.

वाचकहो, हा थेंब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सूर्यफूल. सोलापूर-लातूरकडच्या मंडळींनी ते शेतात पाहिले आहेच. पिकलेल्या फुलाच्या तबकडीत बिया एकमेकींना खेटून बसलेल्या असतात आणि त्यांच्या वळणदार रांगा दिसतात, काही उजवीकडे वळणाऱ्या, काही डावीकडे. त्या मोजल्या तर बहुतेक वेळा एका बाजूला ३४ आणि दुसऱ्या बाजूला ५५ भरतात, फूल मोठे असेल तर ५५ आणि ८९. अननसाच्या डोळ्यांच्या रांगा ८ आणि १३. हे आकडे एकाच माळेतले आहेत: १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९. शेजारचे दोन मिळवले की पुढचा.

ही माळ कीर्तनकाराला परकी नाही. आपला अभंग अक्षरांच्या मोजणीवर चालतो, पण मोरोपंतांची आर्या मात्रांवर चालते. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. आता चार मात्रा भरायच्या तर किती तऱ्हांनी भरता येतील? चार लघू ही एक तऱ्हा. एक गुरू आणि दोन लघू यांच्या तीन, कारण गुरू आधी, मध्ये किंवा शेवटी येतो. आणि दोन गुरू ही एक. एकूण पाच. तीन मात्रांच्या तीन, पाच मात्रांच्या आठ, सहांच्या तेरा. कारणही सोपे आहे. शेवट लघूने होत असेल तर मागे एक मात्रा कमी उरते, गुरूने होत असेल तर दोन कमी. म्हणून मागच्या दोन संख्यांची बेरीज. आचार्य हेमचंद्रांनी सुमारे ११५० साली गुजरातेत हे लिहून ठेवले, त्यांच्याही आधी विरहांकाने. युरोपात ही माळ फिबोनाची या गणितीच्या नावाने चालते, त्याचा ग्रंथ १२०२ चा. इतके सांगितले की मंडपात टाळ्या पडतात आणि वक्त्याला मोह होतो, की पाहा, सूर्यफुलाचे गूढ आपल्या पूर्वजांना माहीत होते! तो मोह आवरावा. सूर्यफूल मुळात अमेरिकेतले. हेमचंद्रांनी ते पाहिलेलेही नव्हते, फिबोनाचीनेही नव्हते. हेमचंद्र मात्रा मोजत होते आणि त्यांची मोजणी चोख होती. एवढा मान त्यांना पुरेसा आहे.

मग कवितेच्या मात्रांचे आकडे बियांच्या रांगांत कसे उतरले? प्रत्येक नवा अंकुर मागच्या अंकुरापासून साधारण १३७.५ अंश फिरून येतो. वर्तुळाचे चौथे भाग करून पाने बसवली तर चार उभ्या रांगा होतात, पाचवे पान पहिल्याच्या बरोबर डोक्यावर येते. या १३७.५ अंशांचे वैशिष्ट्य असे, की कितीही पाने आली तरी कोणी कोणाच्या नेमके डोक्यावर येत नाही, मध्ये वाया जाणारी फटही राहत नाही. आणि या कोनाने अंकुर बसत गेले की रांगांचे आकडे त्या माळेतलेच निघतात.

पॅरिसमध्ये दुआदी आणि कुदेर या दोघांनी १९९२ साली केलेला प्रयोग तर मला फारच आवडला. त्यांनी तेलाच्या बशीत मधोमध चुंबकी द्रवाचे थेंब एकेक करून ठराविक वेळाने टाकले. थेंब एकमेकांना दूर लोटत आणि कडेकडे सरकत. थेंब सावकाश टाकले तेव्हा एक इकडे, एक तिकडे, असे ज्वारीच्या पानांसारखे गेले. भरभर टाकले तेव्हा त्यांची सूर्यफुलासारखी वळणे झाली, त्याच कोनाची. तिथे बी नाही, जीव नाही, संजीवकही नाही. येणारा प्रत्येक थेंब आधीच्यांपासून दूर जागा शोधतो, एवढेच.

इंग्लंडमधील गणितज्ञ अ‍ॅलन ट्यूरिंग यांनी १९५२ मध्ये एक निबंध लिहून दाखवले होते की दोन द्रव्ये असावीत, एक वाढवणारे आणि एक आवरणारे, त्यांचा पसरण्याचा वेग निराळा असावा, म्हणजे एकसारख्या पृष्ठभागावर आपोआप ठिपके आणि पट्टे उमटू शकतात. बिबट्याची कातडी डोळ्यांपुढे आणा. सूर्यफुलाचा हिशेबही ते शेवटी शेवटी करीत होते. १९५४ मध्ये ते गेले आणि तो अपुरा राहिला. त्यांच्या स्मरणार्थ २०१२ साली मँचेस्टरच्या संग्रहालयाने सामान्य लोकांकडून सूर्यफुले लावून मोजून घेतली. सहाशेहून अधिक फुले मोजली गेली. बहुतेक माळेतल्या आकड्यांची निघाली, आणि काही मुळीच बसली नाहीत.

असा हा पूर्वपक्ष. यावर दोन घाईची उत्तरे ऐकू येतात. एक म्हणतो, कोणी आखणारा नाही हे सिद्ध झाले, देव संपला. दुसरा म्हणतो, इतकी सुबक आखणी कोणी केल्याशिवाय होईल काय, देव सिद्ध झाला. वाद जुनाच आहे. काट्याला टोक कोण काढतो, मोराला रंग कोण देतो, हे सारे स्वभावाने होते, असे म्हणणारे स्वभाववादी आपल्याकडे पूर्वीच होऊन गेले. या दोघांचे भांडण आहे खरे, पण दोघांच्या मनातला देव एकच आहे. हातात कंपास घेऊन झाडाच्या बाहेर उभा असलेला एक कारागीर. एकाला तो दिसला नाही, दुसऱ्याला दिसल्यासारखा वाटला.

आपण कुंभाराचा दृष्टांत घेतो. माती हे उपादान कारण, कुंभार निमित्त कारण. घडा होतो तेव्हा कुंभार घड्याबाहेर असतो. जगाला हा दृष्टांत पुरता लागू पडत नाही हे वेदान्ताने स्पष्ट सांगितले आहे. तिथे कोळ्याचा दृष्टांत दिला आहे, जो धागा बाहेरून आणत नाही, स्वतःतूनच काढतो. आणि ज्ञानोबामाऊली नवव्या अध्यायात नगराचे उदाहरण देतात. नगर राजाने वसवले असे आपण म्हणतो, आणि ते खोटे नाही. पण राजाला त्यासाठी हातांनी राबावे लागलेले नसते. लोक आपापला व्यवहार करतात आणि नगर उभे राहते. प्रकृती आपले काम करते, ते माझ्या सत्तेवर. मी मात्र त्या करण्यात गुंतलेला नाही, असे भगवंताचे म्हणणे तिथे उलगडले आहे.

हे पाठ असणाऱ्या वारकऱ्याने ऑक्झिनला का घाबरावे? पेशीने पेशीला द्रव्य दिले, मोकळ्या जागी पान आले, हा नगरातल्या लोकांचा व्यवहार झाला. तो शोधणे शास्त्रज्ञांचे काम आणि ते त्यांनी उत्तम केले. राजाच्या हातावर माती लागलेली आढळली नाही, यात माऊलींच्या सांगण्याला धक्का कुठे बसतो? पण दुसऱ्या बाजूलाही तितकेच सांगितले पाहिजे. १३७.५ अंश हा देवाचा पुरावा म्हणून फिरवू नये. तेलाच्या बशीतल्या थेंबांनी तो कोन काढून दाखवला आहे. आपली निष्ठा कोनमापकावर टेकलेली नव्हती, आता ती तिथे नेऊन टेकवू नये.

त्या मुलाला मी इतके सांगितले. त्याने मान हलवली, पण मला वाटले की त्याला हा शब्दांचा खेळ वाटला असावा. कर्ता आत आहे की बाहेर, याने काय फरक पडतो? फरक पडतो, आणि तो कुठे पडतो हे मी एका बाईंकडून शिकलो.

मराठवाड्यातल्या एका गावी कीर्तन आटोपल्यावर त्या पायांवर डोके ठेवायला आल्या. कडेवर पाच-सहा महिन्यांचे मूल, वरचा ओठ दुभंगलेला. म्हणाल्या, "महाराज, मी गिराणात भाजी चिरली नव्हती हो. इळीला हातसुदीक लावला नव्हता. पण घरात कुणाला खरं वाटंना." सासरच्यांनी बोलणे टाकले होते. त्याआधी कोणीतरी त्यांना समजावले होते, की देव प्रत्येकाचे तोंड स्वतः घडवतो, तेव्हा त्याने असे घडवले त्याला काही कारण असेलच. आईने आठवून पाहावे.

पाहिलेत? सुबक पान दिसले की "देवाने स्वतः कोरले" म्हणायची सवय लागली, की दुभंगलेला ओठही त्यानेच कोरला म्हणावे लागते. मग त्याला दुष्ट तरी म्हणायचे, नाहीतर त्याच्या रागाचे कारण शोधायचे. आणि ते कारण शोधता शोधता घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसापाशी थांबते.

ओठ कसा होतो ते ऐका. पोटातल्या बाळाचा चेहरा आरंभी एकसंध नसतो. दोन्ही बाजूंनी आणि वरून वेगवेगळे कोंब वाढत येतात आणि मध्यावर एकमेकांना मिळून सांधतात. वरच्या ओठाचा सांधा गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, पुष्कळ बायांना दिवस गेल्याचे पक्के कळते न कळते तेवढ्यातच. त्या थोड्या दिवसांत एखादा कोंब वेळेवर पोचला नाही तर फट राहते. कधी घराण्यात असते, कधी दुसरी कारणे, पुष्कळदा एकच असे कारण सापडतही नाही. ग्रहणाचा आणि विळीचा संबंध नाही. जे लाखो ओठ बिनचूक सांधतात ते ज्या रीतीने सांधतात, त्याच रीतीत ही फट राहते. सूर्यफुलांतली काही फुले माळेत बसली नाहीत, तसे. त्यांच्यावर कोणी रागावले नव्हते.

त्या बाईंना मी इतके शास्त्र सांगितले नाही. "माऊली, तुमचा दोष नाही, देव रागावलेला नाही, आणि ओठ शिवता येतो," एवढे सांगितले, आणि तेच त्यांच्या दिरांना बोलावून पुन्हा सांगितले. शस्त्रक्रिया झाल्याचे पुढे कळले. देव कुठे होता असे कोणी विचारले तर मी त्या शिवणाऱ्या हातांकडे आणि अखेर दवाखान्यात घेऊन जाणाऱ्या दिरांकडे बोट दाखवीन. पण ही माझी निष्ठा झाली. तुमची तुम्ही तपासा.

आणखी एक सावधगिरी. निसर्गात शिस्त आहे म्हणून ती माणसाने गुरू करावी, असेही सरसकट म्हणता येत नाही. गाजरगवताची पानेही शिस्तीनेच बसतात आणि रान खाऊन टाकतात. शिस्त म्हणजे चांगुलपणा नव्हे. यातून एक फार जुनी लबाडी निघते. "निसर्गातच ज्याची त्याची जागा ठरलेली आहे, माणसानेही आपापल्या जागी राहावे," असे कोणी गोड शब्दांत सांगू लागले की मला महाद्वाराबाहेर थांबवलेले चोखोबा आठवतात. अशा वेळी तो टोमॅटोवरचा थेंब पुढे करावा. काडीच्या कडेला जिथे थेंब ठेवला तिथे पान आले. पान होण्याची ताकद त्या घेरात सगळीकडे होती; कुठलीही जागा जन्मतः वांझ नव्हती. जागा ठरते ती शेजाऱ्यांच्या ओढाताणीने. ओढाताण बदलली तर जागा बदलते.

आता जी तरुण मंडळी कीर्तनाला उभी राहतात त्यांच्यासाठी थोडे. सूर्यफुलाचा दृष्टांत जरूर घ्या, रसाळ आहे, श्रोत्यांना धरून ठेवतो. फक्त दृष्टांत एकदेशी असतो हे विसरू नका. मुख चंद्रासारखे म्हटले म्हणजे मुखावर डाग आहेत असे होत नाही. सूर्यफूल अहंकाराच्या अंगाने लावा. एकाही पेशीला अख्ख्या फुलाचा आराखडा ठाऊक नसतो, तिला शेजारणीपुरते कळते, तरी फूल होते. आणि आपण मात्र संसाराचा सारा गाडा मीच ओढतो म्हणून रात्री जागतो. इथपर्यंत तो दृष्टांत चालतो. देव सिद्ध करायला त्याला जुंपू नका, मोडेल.

आणि सांगण्याआधी स्वतः मोजा. शेतमालकाला विचारून एक पिकलेले फूल घ्या. एका बाजूला वळणारी रांग पकडून तिच्या कडेच्या बीला कुंकवाचे बोट लावा आणि त्या बाजूच्या रांगा मोजत पुन्हा कुंकवापाशी या. मग दुसरी बाजू. मध्यभागी रांगा गुंततात, म्हणून कडेनेच मोजावे. पहिल्यांदा हमखास चुकते. आकडे ३४ आणि ५५ आले तर तसे सांगा. ३३ आले तर दुसऱ्या कोणाला मोजायला द्या, आणि त्यालाही ३३ च आले तर कीर्तनात ३३ च सांगा.